खळ्यावर फोर-वे स्टॉप आखलाय, तिघं एकदम आले तर आधी कोण?

प्रेषक: दारव्ह्याची ताई (गावाहून)
सोमवार, रात्री

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय, लाइन कधी जाईल सांगता येत नाही. १८ तारखेला बाबांना घेऊन अमेरिकेत, न्यू जर्सीला परत येतेय, सहा महिन्यांसाठी. मागच्या वेळी आई-बाबा आले होते तेव्हा बाबा दिवसभर खिडकीशी बसून असायचे, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. आता आईही नाही. या वेळी त्यांना तसं बसू द्यायचं नाही, हे मी ठरवलंय. धाकटीला शाळेतून आणायचं आणि मंदिरापर्यंत जायचं, एवढी गाडी त्यांनी चालवावी.

कागदांचं विचारू नका, ते झालंय. यवतमाळच्या आरटीओत ४-ए चा अर्ज, हजार रुपये, पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती. आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभराचा मिळाला. मूळ परवानाही मागच्या वर्षीच नवा केलाय, त्यांच्या वयाला पाचच वर्षांचा मिळतो. दोन्ही सोबत ठेवायचे हे माहीत आहे.

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. तूर निघाली, खळं रिकामं आहे. भाच्याने शाळेतून फक्की आणली आणि आम्ही खळ्यावर खरोखरचा चौरस्ता आखला. पांढऱ्या थांबरेषा, मधली रेघ, सगळ्यांनी उजवीकडून चालायचं. चारही बाजूंना तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या लाल पाट्या. म्हणजे तिकडचा फोर-वे स्टॉप: चारही बाजूंच्यांनी पाटीशी थांबायचं, मग पाळीने निघायचं. बाबा गोठ्याकडून गाडी घेऊन आले, त्यांना डावीकडे वळायचं होतं. समोरून, म्हणजे विहिरीकडून, शेजारच्यांचा ट्रॅक्टर सरळ येत होता. बाबांच्या उजव्या हाताला निंबाच्या झाडाकडून भाचा मोटारसायकलवर, तोही सरळ जाणारा. तिघं एकदम रेषेवर थांबले. आणि तिघंही थांबूनच राहिले.

मी म्हटलं, भाचा आधी, कारण तो उजवीकडे. भाचा म्हणतो, माझ्या उजवीकडे ट्रॅक्टर आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. अकरा वर्षं तिकडे गाडी चालवतेय, पण रोज कुणीतरी हात दाखवतं म्हणून मी जाते, हे तेव्हा लक्षात आलं. उद्या सकाळी पुन्हा सराव आहे. नक्की क्रम कोणता?

ताई

---

प्रेषक: हिंगणघाटचे भाऊ
उत्तर: खळ्यावर फोर-वे स्टॉप

ताई, राग मानू नको, पण बाबांना गाडी देऊच नको. क्रमाचा प्रश्न नंतरचा.

आमच्या अण्णांच्या वेळी मीही हेच केलं होतं. अण्णांनी नागपूर-हैदराबाद रस्त्यावर उभी हयात ट्रक चालवला, हात असा की टोचलेली सुई हलू नये. इथे तिसऱ्याच दिवशी वळण घेतल्यावर डाव्या बाजूला गेले, समोरून पिकअप. काही झालं नाही, पण अण्णांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि परत जाईपर्यंत मागितली नाही. तो माणूस त्यानंतर माझ्याशी गाडीबद्दल बोलला नाही. मला अपघातापेक्षा त्याचं जास्त वाईट वाटतं.

दुसरं, विमा. परवाना चालतो म्हणून विमा चालतो असं नाही. घरात राहणारा, गाडी चालवणारा माणूस विमा कंपनीला कळवावा लागतो. निघायच्या आधी फोन कर, नाव घालून घे, लेखी मागून घे.

---

प्रेषक: सचिव
उत्तर: खळ्यावर फोर-वे स्टॉप

नमस्कार,

नवीन येणाऱ्यांसाठी आपल्या मराठी मंडळाचं पत्रक आहे आणि त्यातला स्टॉपचा भाग मी स्वतः लिहिलाय, म्हणून उत्तर देतो. पत्रकात स्पष्ट आहे: जो आधी आला तो आधी, एकदम आले तर उजवीकडच्याला वाट द्यायची. त्यानुसार ताईंचा भाचा आधी, मग बाबा, मग ट्रॅक्टर.

विनंती अशी की असे प्रश्न आधी पत्रकात पाहावेत. दिवाळीच्या वेळी पार्किंगवरून जे झालं ते सगळ्यांच्या लक्षात असेल. प्रत्येकाने आपापला नियम सांगितला की नवीन माणूस गोंधळतो.

---

प्रेषक: काका (पिस्कॅटवे, न्यू जर्सी)
उत्तर: खळ्यावर फोर-वे स्टॉप

सचिवांचं पत्रक चांगलं आहे, मीही लोकांना देतो. पण या वेळी क्रम चुकलाय आणि सकाळी सराव आहे, म्हणून लगेच लिहितो.

ताई, भाच्याचं बरोबर आहे. खळं डोळ्यासमोर आण. बाबांच्या उजवीकडे भाचा, म्हणजे बाबा भाच्यासाठी थांबणार. भाचा निंबाकडून येतोय, त्याचा उजवा हात विहिरीकडे, तिथे ट्रॅक्टर. म्हणजे भाचा ट्रॅक्टरसाठी थांबणार. आता ट्रॅक्टरवाल्याचा उजवा हात कुठे? निंबाच्या समोरच्या बाजूला, आणि तिथून कुणी आलेलंच नाही. त्याला कुणासाठी थांबायचं कारण नाही. आधी ट्रॅक्टर, मग भाचा, शेवटी बाबा. बाबा आणि ट्रॅक्टर समोरासमोर आहेत, तिथेही डावीकडे वळणाऱ्याने सरळ येणाऱ्याला जाऊ द्यायचं असतं, म्हणून दोन्ही नियमांनी उत्तर एकच येतं.

बाबांना एवढंच सांग: ज्याचा उजवा हात रिकामा, तो आधी. चौथी बाजूही भरली तर कुणाचाच उजवा हात रिकामा राहत नाही. तिथे हा नियम संपतो, मग एकमेकांकडे पाहून एकाने निघायचं. आणि या सगळ्याआधी पायी चालणारा. तो रस्ता ओलांडत असेल तर कुणीच हलायचं नाही.

बाबांना हे परकं वाटू नये म्हणून आणखी एक. आपल्या देशातल्या १९८९ च्या रस्ता नियमांतही, मुख्य रस्ता ठरवून दिलेला नसेल तर चौकात उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या असंच होतं. एसटीत भरती झालेल्या माणसाला ते ठाऊक असणार. आपल्याकडे ते चौकात दिसत नाही, ही वेगळी गोष्ट.

मागच्या भेटीत बाबांनी मला विचारलं होतं की या पाटीला आठ कोपरे कशासाठी. तेव्हा सांगता आलं नाही, नंतर वाचलं. पहिली पाटी डेट्रॉइटला १९१५ साली लागली, ती पांढरी होती आणि अक्षरं काळी. १९२३ च्या सुमारास आकार ठरले, तेव्हा विचार असा होता की जितका धोका जास्त तितके कोपरे जास्त. सगळ्यात धोक्याचं रेल्वे फाटक, म्हणून त्याला गोल पाटी, गोलाला कोपऱ्यांचा हिशेबच नाही. त्याच्याखालोखाल थांबायचा चौक, म्हणून आठ. रंग बराच काळ पिवळा होता, कारण न विटणारा लाल मिळत नव्हता. लाल झाली १९५४ साली. आकाराचा फायदा अजून आहे: बर्फाने अक्षरं झाकली तरी पाटी ओळखू येते, आणि पाठमोरी दिसली तरी समोरच्याला थांबायचंय हे कळतं.

---

प्रेषक: लेस्टरचे दादा
उत्तर: खळ्यावर फोर-वे स्टॉप

मी आता तिकडे नाही, इंग्लंडात असतो, पण मेलच्या यादीवर आहे म्हणून लिहितो. इकडे गोल चौक जास्त, आणि गाडी डावीकडूनच, त्यामुळे आमच्या वडिलांना ते सोपं गेलं. क्रम वगैरे महिनाभरात बसतो. मला काळजी वाटते ती डिपरची, म्हणजे हेडलाइट लुकलुकवण्याची.

आपल्याकडे डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, तू थांब’. यवतमाळ-आर्णी रस्त्यावर अरुंद पुलाशी समोरून डिपर आला तर आपण ब्रेक दाबतो. परदेशात समोरचा थांबून डिपर देतो तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘तुम्ही जा’ असतो. अर्थ अगदी उलटा. ताई, खळ्यावर हे करून बघा.

---

प्रेषक: वरुडची वहिनी
उत्तर: खळ्यावर फोर-वे स्टॉप

दादा अगदी बरोबर बोलले. आमचे हे पहिल्या वर्षी डावीकडे वळायला उभे होते, समोरच्याने डिपर दिला. हे थांबून राहिले, तो पुन्हा डिपर देतो, हे पुन्हा थांबतात. मागे सात-आठ गाड्या. शेवटी दोघंही एकदम निघाले. बंपर घासला तेवढ्यावर भागलं. पण तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, डिपरवर विश्वास ठेवायचा नाही, ना त्या अर्थाने ना या. आपण द्यायचा नाही आणि दुसऱ्याने दिला तर चाकं कुठे वळतात ते पाहायचं. समोरच्याने हात दाखवला तरी तेच. तो फक्त स्वतःपुरतं सांगतोय, बाजूच्या लेनमधून सायकलवाला येतोय का हे त्याला माहीत नसतं.

आपली माणसं इथे एक चूक हमखास करतात, मीही केली: ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही.’ घरी पंगतीत ते शोभतं. चौकात आपली पाळी असेल तर निघायचं, नाहीतर मागचे तीन जण गोंधळतात.

आणि ताई, शाळेचं म्हणालात म्हणून. पिवळी बस लाल दिवे लुकलुकवत उभी राहिली आणि तिच्या बाजूची छोटी स्टॉपची पाटी बाहेर आली, की मागचेही थांबणार आणि समोरून येणारेही. मध्ये दुभाजक नसेल तर दोन्हीकडचे. न्यू जर्सीत निदान २५ फूट अलीकडे. यांना वाटलं, आपण तर पलीकडच्या बाजूने चाललोय. एक मूल बसच्या पुढून धावत आलं. यांनी ब्रेक दाबला, मूल वाचलं. दंडाची चिठ्ठी अजून आमच्या फ्रिजवर आहे, मी काढू देत नाही.

---

प्रेषक: सचिव
उत्तर: खळ्यावर फोर-वे स्टॉप

काकांचा क्रम कागदावर काढून पाहिला, बरोबर आहे. मी फक्त बाबा आणि भाचा पाहिले, भाच्याची उजवी बाजू पाहिलीच नाही. पत्रकात ‘उजवा हात रिकामा’ हे वाक्य आणि खळ्याचं चित्र घालतो. डिपरचंही घालू. मात्र मजकूर माझ्याकडेच पाठवावा, थेट फाइलमध्ये बदल करू नयेत.

---

प्रेषक: दारव्ह्याची ताई (गावाहून)
मंगळवार, दुपारी

काका, सकाळी तुमच्या क्रमाने केलं. ट्रॅक्टर, भाचा, बाबा. मग जागा बदलून बारा-चौदा वेळा. निम्मं गाव धुऱ्यावर उभं होतं. चौथ्या बाजूने एक बंडीही आणली, बैलांना रेषेवर थांबवणं सगळ्यात अवघड गेलं. बंडी आली तसं बाबा आपोआप थांबले आणि ती जाऊ दिली, पाळी त्यांची असून. पांदणीत भरल्या बंडीला वाट द्यायची, ही आमच्या घरची सवय. वहिनी, तुमचं ‘आधी तुम्ही’ वाचून दाखवलं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.

भाऊ, तुमच्या अण्णांचं वाचून मला रडू आलं. ते बाबांना वाचून दाखवलं, लपवलं नाही. त्यांनी जे म्हटलं ते तसंच लिहिते, कारण त्यांनीच लिहायला सांगितलं:

‘त्या भाऊले सांग, मी एकतीस वर्षं एसटीचं स्टेरिंग धरलं. दारव्ह्याच्या अलीकडं शकुंतला रेल्वेचा रूळ आडवा जाये. फाटक नाई, मानूस नाई. दिवसातून गाडी येऊन येऊन किती येनार, तरी कंडक्टर खाली उतरून दोन्हीकडं पाहून हात दाखवल्याबिगर म्या चाक रुळावर घातलं नाई. पॅसेंजर वरडत, काहून थांबले बाप्पा, गाडी तर दिसत नाई. कायदाच तसा हाय. तं रिकाम्या जागी थांबाचं मले नवं नाई. नवं हे हाय का आपल्याकडं थांब्याची पाटी म्हनजे पॅसेंजर चढाची जागा. विनंती थांबा असला तं कोनी हात केला तरच थांबाचं. तिथं चढनारा नाई, उतरनारा नाई, हात करनारा नाई, तरी पाटी दिसली का थांबाचं. समजलो मी. डिपरचं मातर आंगात भिनलं हाय, ते काढाले दिवस लागन. आन हॉर्नचं. वळनावर हॉर्न नाई मारला तं मले चोरी केल्यावानी वाटते.’

हॉर्नचं खरंच कठीण आहे. आज प्रत्येक वेळी रेषेवर पोचताना त्यांचा अंगठा तिकडे गेला. मी भाच्याला शेजारी बसवलं आणि अंगठा गेला की मोजायला सांगितलं. पहिल्या फेऱ्यांना दर वेळी, शेवटच्या चार फेऱ्यांत एकदा.

विम्याला काल रात्रीच फोन केला. नाव घालताहेत, लेखी मेल येणार आहे. ती आल्याशिवाय किल्ली देणार नाही.

भाऊ, तुम्ही म्हणता त्यातलं एक मी मान्य केलंय. पहिले दोन आठवडे शाळा नाही आणि धाकटी गाडीत नाही. आधी बाबा आणि मी, आमच्याच गल्ल्यांत, सकाळी. वळल्यावर डावीकडे जायची ओढ खळ्यावर दोनदा दिसली. दोन्ही वेळा समोर कुणी नव्हतं तेव्हा. समोर गाडी असली की ते बरोबर उजवीकडे राहतात, रस्ता मोकळा असला की जुनी सवय वर येते. यावर कुणी काही उपाय केलाय का?

---

प्रेषक: हिंगणघाटचे भाऊ
उत्तर: खळ्यावर फोर-वे स्टॉप

बाबांना माझा नमस्कार सांग. फाटकाचं वाचलं.

मोकळ्या रस्त्याचंच आमच्याकडे झालं होतं. अण्णांना मी एक गोष्ट सांगायला हवी होती, ती तू सांग: चालवणारा माणूस नेहमी रस्त्याच्या मधल्या रेघेजवळ बसतो, इथेही आणि तिथेही. वळून सरळ झाल्यावर रेघ आपल्या खांद्याशी आहे का पाहायचं. कडेचं गवत खांद्याशी दिसलं तर चुकीच्या बाजूला आलो. खळ्यावरची गाडी आपली आहे, स्टेरिंग उजवीकडे, म्हणून तिथे हे जमणार नाही, उलटंच शिकतील. ते इथे आल्यावरच.

२२ तारखेला शनिवार आहे. सकाळी सात वाजता शाळेमागचं पार्किंग रिकामं असतं. माझी जुनी गाडी घेऊन येतो, तुझी नको, घासली तरी चालेल अशी आहे. ऑटोमॅटिक आहे, बाबांना सांगून ठेव की डावा पाय पूर्ण मोकळा, क्लच शोधायचा नाही. खडू मी आणतो. काका, तुम्ही आणि सचिव आपापल्या गाड्या घेऊन या, तीन बाजू तरी भरायला हव्यात.

---

प्रेषक: सचिव
उत्तर: खळ्यावर फोर-वे स्टॉप

येतो. शाळेची परवानगी मी काढतो, ते काम माझ्याकडे असू द्या.