मदत हवी आहे: लिंकनची फिरती वकिली

मंडळी, दिवाळी अंकासाठी लिंकनवर लेख लिहितेय. राष्ट्राध्यक्ष नव्हे, १८५० च्या आसपास इलिनॉयमध्ये गावोगाव फिरणारा वकील. वसंतात आणि शरदात न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस आणि वकिलांचा ताफा आठव्या सर्किटवर, म्हणजे कोर्ट पाळीपाळीने जायचं त्या जिल्ह्यांच्या फेरीवर, निघायचा. मुक्काम सराईत, एकेका पलंगावर दोघं. लिंकनचे कागद त्याच्या उंच टोपीत! खटले बरेचसे उधारी-वसुलीचे. (खुनाचे गाजलेले खटले सगळ्यांनाच ठाऊक, ते नकोत.)

अडलंय इथे: पक्षकार बरेचदा गावात पोचल्यावरच गाठायचे, मग साक्षीपुराव्याची तयारी कधी व्हायची? स्थानिक वकील आधीच कागद करून ठेवायचे का? स्प्रिंगफील्डमधलं लिंकन आणि त्याचा वकिलीतला भागीदार हर्नडन यांचं ऑफिस कुणी पाहिलंय का? त्याच्या हातचे दावे-अर्ज कुठे वाचायला मिळतील? अंक छापायला जायच्या आत कळलं तर बरं.