पेरोवच्या ‘त्रोइका’चे खरे रंग कसे आहेत? मदत हवी आहे

बालमजुरीवरच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी रशियन चित्रकार वासिली पेरोवचं ‘त्रोइका’ (१८६६) हे चित्र मोठं छापायचंय. थंडीत बर्फावरून पाण्याचं पिंप ओढणारी तीन पोरं. पिंपावरून सांडलेलं पाणीसुद्धा गोठलंय. डोळ्यांत पाणी काढायलाच काढलेलं चित्र, आणि ते येतंही. अडचण अशी की नेटवरच्या प्रती एकमेकींशी जुळत नाहीत. एकीत आभाळ निळसर राखाडी, दुसरीत पार चहासारखं. प्रिंटवाल्याने दोन्हींचे नमुने काढून दिले, पण ठरवायचं कशावरून? रिझोल्यूशन पुरेसं आहे. पेरोव १८८२ साली वारला, त्यामुळे कॉपीराइटचाही प्रश्न नाही. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत मूळ चित्र कुणी पाहिलंय का? पोरांच्या चेहऱ्यांवर आणि बर्फावर ती पिवळट झाक खरंच आहे, की फोटोमुळे आलीय?