तक्रार बंद झाली, कचरा मात्र तिथेच

कचरा दारातच पडून राहतो आणि महापालिकेकडे केलेल्या तक्रारीवर मात्र ‘निवारण झाले’ असा संदेश येतो, हा अनेकांनी मांडलेला अनुभव आमच्याही सोसायटीत आला आहे. माझ्या मते कचरा न उचलला जाण्यापेक्षा, प्रत्यक्ष पाहणी न करता तक्रार बंद करणे अधिक गंभीर आहे, कारण त्यामुळे बिघाडाची नोंदच उरत नाही.

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 ने घरोघरी जाऊन वर्गीकृत कचरा गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आणि ओला, सुका व घातक कचरा वेगळा ठेवण्याची जबाबदारी रहिवाशांवर. पुण्यात हे काम मोठ्या प्रमाणात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद करतात. त्यांचे उत्पन्न घरांकडून मिळणारे शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री यांवर अवलंबून असते. त्यामुळे कचरा उचलण्यात खंड पडल्यावर सगळा रोष या कचरावेचक ताईंवर काढणे मला अन्यायकारक वाटते. अनेकदा गोळा केलेला कचरा पुढे नेणारी गाडीच आलेली नसते. तक्रारीत तारीख, छायाचित्र आणि गाडी आली होती का, याचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि ती परस्पर बंद झाल्यास तिचा क्रमांक देऊन महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी.