अनुभव धागा: रात्री ठणठणीत, सकाळी बॅटरी डाउन

रात्री गाडी व्यवस्थित उभी केली आणि सकाळी सेल्फ मारला तर नुसती टकटक. अशा वेळी पहिला सल्ला ठरलेला असतो: बॅटरी बदला. नवी बॅटरी टाकूनही पुन्हा तेच भोगलेले बरेच जण ओळखीत आहेत, म्हणून हा धागा. पैसे घालण्याआधी मोजा, एवढंच माझं कळकळीचं सांगणं. तुमच्याकडे करंट कोण खेचत होतं, मीटरवर काय दिसलं, कशाने सुटलं, ते सविस्तर लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. पेट्रोल हॅचबॅक, बाहेरून बसवलेला स्टिरिओ. स्टिरिओच्या पिवळ्या वायरला कायमचा करंट लागतो, सेटिंग लक्षात राहावं म्हणून. लाल वायर चावीच्या लाइनवर हवी. बसवणाऱ्याने दोन्ही एकत्र पिळून कायमच्या लाइनला टेप मारून ठेवल्या होत्या. पडदा बंद, पण आतलं यंत्र रात्रभर जागं.

सापडलं ते असं. निगेटिव्ह टर्मिनल सोडलं आणि ती केबल व बॅटरी यांच्या मध्ये मल्टीमीटर (करंट-व्होल्ट मोजायचा मीटर) जोडला, १० अँपिअरच्या खाचेत. दारं लॉक करून चावी घरात ठेवली आणि अर्धा तास थांबलो. ही वाट पाहावीच लागते. गाडीतली कंट्रोल युनिट्स लगेच झोपत नाहीत, तोवर आकडा मोठाच दिसतो. शांत झालेली गाडी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवी. माझी ४५०च्या खाली येईना. एकेक फ्यूज काढत गेलो, ऑडिओचा काढला आणि आकडा धपकन २० वर. लाल वायर चावीच्या लाइनवर घेतली, विषय संपला. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज उडतोच.

सांगलीहून आलेलं उत्तर

फ्यूज काढण्याबद्दल थोडं. नव्या गाड्यांत फ्यूज काढून परत लावला की एखादं युनिट जागं होतं आणि अर्ध्या तासाची वाट पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात, त्यांवर मीटरच्या पिना टेकवून मिलिव्होल्ट बघा. शून्य असेल तर त्या लाइनमधून करंट जात नाही. थोडाही आकडा हलला तर तिथेच शोधा. आमच्याकडे डिकीचा दिवा निघाला, झाकण लागलं तरी स्विच दबत नव्हता. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला तेव्हा खात्री पटली. ५ वॅटचा बल्ब म्हणजे साधारण ०.४ अँपिअर, बारा तासांत ५ अँपिअर-तास. चांगली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी एका रात्रीत त्याने बसणार नाही, पण थकलेली बसते. आणि गाडी चार दिवस उभी राहिली तर चांगलीही गेलीच.

कोल्हापूर, डिझेल

फ्यूज सगळे तपासले, काही मिळेना. आमच्या जुन्या वायरमननी सकाळी सकाळी थंड इंजिनात हात घालून अल्टरनेटरची, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची, पाठ चाचपली. ती कोमट! रात्रभर बंद असलेल्या गाडीत ती गरम असायचं कारणच नाही. आतला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत होता, करंट उलटा जात होता. अल्टरनेटरची जाड वायर फ्यूजबॉक्समधल्या नेहमीच्या छोट्या फ्यूजमधून जात नाही, म्हणून तिथे पत्ता लागत नाही. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढून मग ती वायर सोडली, टोक टेपने झाकलं, निगेटिव्ह परत जोडून मोजलं, आकडा खाली आला. डायोड प्लेट बदलून काम झालं.

नागपूर

ज्यांच्याकडे मीटर लावायची तयारी नाही त्यांच्यासाठी. रात्री निगेटिव्ह काढून ठेवा. सकाळी जोडल्यावर गाडी झटक्यात सुरू झाली तर गाडीतलं काहीतरी खातंय. तरीही मेली तर आधी बॅटरीवरच संशय घ्या. माझी बॅटरी पूर्ण चार्ज करून सोडली तेव्हा १२.६ व्होल्ट, सकाळी १२.० च्याही खाली, तेही काहीच न जोडता. विदर्भाचा उन्हाळा बॅटरीचं आयुष्य खातो. इथे बदलणं हाच उपाय होता. इंजिन चालू असताना मात्र १३.८ ते १४.५ मिळतात ना, ते बघाच, नाहीतर नवीही उपाशी राहील.

रत्नागिरी

आमच्याकडे दमट हवा आणि बॅटरीच्या माथ्यावर मळाचा ओलसर थर. मीटरची एक पिन निगेटिव्हला आणि दुसरी नुसत्या प्लॅस्टिकवर टेकवली तरी व्होल्ट दिसत होते, म्हणजे त्या थरातूनच करंट गळत होता. झाकणं घट्ट लावून खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसलं (आत थेंब जाऊ देऊ नका), कोरडं केलं, टर्मिनलला व्हॅसलीन लावलं. आता दर पावसाळ्याआधी हे करतोच.

ठाणे

बटण स्टार्टची गाडी, तळमजल्यावर घर. चावी दाराजवळच्या खिळ्याला, गाडी भिंतीपलीकडे. चावी इतकी जवळ असल्याने गाडी नीट झोपतच नव्हती. चावी आतल्या खोलीत ठेवायला लागल्यापासून त्रास नाही. पण इथे अजून एक न सुटलेला प्रश्न आहे: कर्ज देणाऱ्यांनी लावलेला जीपीएस ट्रॅकर. मीटरवर तो थोडाच करंट घेताना दिसतो, तरी गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर काय करता? निगेटिव्ह काढलं तर त्यांचा फोन येतो. कुणी बॅटरी मेंटेनर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) कायम लावून ठेवलाय का?