मदत हवी आहे : सोलापूरला परत जावं का? उद्या रात्रीपर्यंत ठरवायचंय

अर्धापुणेकर (रात्री ११.४०)
थेट मुद्द्यावर येतो. पुण्यात बारा वर्षं झाली, मूळ सोलापूरचा. बायको आणि एक मुलगी, साडेचार वर्षांची. भाडेकरार ३१ मार्चला संपतोय. मालकानं पाच हजार वाढवून मागितलेत आणि उद्या रात्रीपर्यंत हो-नाही कळवा म्हणतोय. तिकडं स्वतःचं घर आहे, आईवडील आहेत, माझं काम घरून चालतं. मग इथं भाडं कशाला भरत बसायचं?
एवढंच सांगा : पाणी सध्या किती दिवसांनी येतं, इंटरनेट धड चालतं का आणि मुलीसाठी बरी शाळा कुठली. 'पुणे तिथे काय उणे' छाप प्रतिसाद नकोत. लवकर सांगा प्लीज.

कडकभाकरी (११.५२)
ये की परत! विचारतो काय बे. मी २०२१ ला आलो, एकदा पण पश्चात्ताप नाही. ऑफिस ते घर बारा मिनिटं. दुपारी घरी येऊन जेवतो, वर अर्धा तास लवंडतो. पुण्यात असताना दुपारचं ऊन फक्त काचेतनं दिसायचं.

हिप्परगा (११.५८)
दुपारचं ऊन आता बाहेरून बघ म्हणा. मे महिन्यात ४३-४४ असतं.
पाण्याचं विचारलंय तर आमच्याकडं चार दिवसाआड. कधी पाच. कधी रात्री दोनला येतं, उठून मोटर लावायची आणि टाकी भरेपर्यंत खुर्चीत बसून डुलक्या घ्यायच्या. उजनी भरून वाहत असली तरी हेच. धरण भरलं म्हणजे नळ भरला, असं आपल्याकडं नसतं.

कडकभाकरी (रात्री १२.०५)
आमच्या भागात तीन दिवसाआड येतं. उगं भीती घालू नको.

हिप्परगा (१२.०७)
तुझा भाग म्हणजे सगळं सोलापूर नव्हे. आणि 'दिवसाआड' मोजायची तुझी पद्धत पण सांग. सोमवारी आलं आणि शुक्रवारी आलं, तर त्याला तू तीन म्हणतोस, मी चार.

कडकभाकरी (१२.०९)
मधले दिवस मोज की. मंगळ, बुध, गुरू. तीन.

प्रभातरोड (१२.३०)
धागाकर्ते, 'काम घरून चालतं' म्हणजे पाचही दिवस घरून? कंपनीनं लेखी दिलंय की साहेबाच्या तोंडी कृपेवर चाललंय? माझ्या ओळखीतले दोघे असेच सातारा-कोल्हापूरला गेले आणि वर्षभरात 'आठवड्यातून तीन दिवस या' असा मेल आला. आणि वहिनी काय करतात? त्यांच्याबद्दल एक शब्द नाही.

अर्धापुणेकर (१२.४१)
मंगळवार-बुधवार ऑफिसला जावं लागतं. बाकी घरून. ट्रेननं जाईन, त्यात काय.
बायको बालवाडीत शिकवते. तिला कुठंही मिळेल.

प्रभातरोड (१२.४४)
'त्यात काय'?

तिसरीघंटा (१२.५०)
वंदे भारत आहे ना. फेब्रुवारी २०२३ पासून चालू आहे. सोलापूरहून सकाळी सहाच्या सुमारास निघते, सव्वानऊच्या आसपास पुणे. संध्याकाळी सातनंतर पुण्यातून, साडेदहा-पावणेअकराला घरी. मी महिन्यातून दोनदा करतो. खुर्ची मस्त.

हिप्परगा (१२.५५)
महिन्यातून दोनदा आणि आठवड्यातून दोनदा यात फरक आहे. तिकीट बघितलंस का त्याचं? त्यापेक्षा हुतात्मा एक्स्प्रेस बरी. सकाळी जा, रात्री मुक्काम कर, बुधवारी संध्याकाळी सहाच्या हुतात्मानं परत. एक रात्र मित्राकडं.

तिसरीघंटा (१२.५८)
मित्राकडं दर आठवड्याला? मित्राची बायको काय म्हणेल ते पण धाग्यात विचारा.

रिटायर्डमास्तर (सकाळी ६.१०)
आपण सर्वजण 'हुतात्मा, हुतात्मा' म्हणता, म्हणून सहज. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याआधी १९३० साली आपल्या शहरात मार्शल लॉ लागला होता. त्यांच्या नावाची ही गाडी. अर्थात 'हुतात्मा अर्धा तास लेट आहे' असं आपण ज्या सहजतेने बोलतो, ते ऐकून मला दर वेळी कसेसेच होते.
आता शाळेविषयी. 'साडेचार वर्षांची' असे सांगू नये, जन्मतारीख सांगावी. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण लागतात, त्या हिशोबाने मागचे वर्ग. माध्यम कोणते हवे तेही लिहा. आपल्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा सर्व माध्यमांच्या शाळा आहेत.

अर्धापुणेकर (८.२०)
सर, धन्यवाद. जन्म १९ डिसेंबर. जूनमध्ये साडेचार.
माध्यम इंग्रजी. घरी आम्ही तेलुगू बोलतो, बायको चिपळूणची, त्यामुळं मुलगी मराठीच बोलते. तेलुगू शाळेचा प्रश्न नाही.

रिटायर्डमास्तर (८.३५)
म्हणजे डिसेंबरअखेर पाच पूर्ण होतात. तिला जूनमध्ये मोठ्या गटात बसवता येईल, लहान गटात नव्हे. तेथे असताना कोणत्या गटात घातले आहे? एक वर्ष मागे असेल तर आत्ताच बोलून घ्या, नंतर पहिलीच्या वेळी गोंधळ होतो. चांगल्या शाळांतील जागा मार्चपर्यंत बऱ्याचदा भरलेल्या असतात. 'बरी शाळा कुठली' याआधी 'जागा कुठे उरली' हे विचारावे लागेल.

जमीनजुमला (८.५०)
शाळा वगैरे ठीक आहे, पण परत येणाऱ्यांनी आत्ताच होटगी रोडला प्लॉट बघावा. साखर कारखान्याची चिमणी २०२३ ला पाडली, त्यानंतर विमानतळ चालू झालं, २०२५ पासून गोव्याला विमान जातंय. भाव अजून हातात आहेत. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

हिप्परगा (८.५३)
त्याला घरभाडं जास्त झालंय आणि हा प्लॉट विकतोय.

सासुरवाशीण (९.१५)
मी बोलू का? माझं माहेर रत्नागिरीकडचं, अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन सोलापुरात आले. त्यामुळं तुमच्या मिसेस कुठून येतायत ते मला चांगलं कळतंय.
तुम्ही पाणी विचारलंत, इंटरनेट विचारलंत. इंटरनेट चांगलं आहे, तो विषय सोडा. पण घर नक्की कुठं आहे? स्वतंत्र की भाऊबंदांत? जमिनीखाली टाकी आहे का, असल्यास केवढी? बोअर आहे का? पाणी चार दिवसांनी येण्याचा त्रास नाही, ते साठवायला जागा नसेल तर आहे. माझ्या सासऱ्यांनी बांधतानाच मोठा हौद करून घेतला, त्यामुळं मला पाच वर्षं कळलंच नव्हतं की पाणी रोज येत नाही. शेजारी मात्र ड्रम, कळश्या, पातेली, जे मिळेल ते भरून ठेवायच्या. एकाच गल्लीत दोन सोलापूर.

अर्धापुणेकर (९.४०)
ताई, घर अशोक चौकाच्या पुढं, पूर्व भागात. स्वतःचंच, वर-खाली. हौद आहे, बराच मोठा. बोअरचं पाणी खारट.

सासुरवाशीण (९.४४)
पूर्व भागात वर-खाली म्हणजे खाली काय आहे?

अर्धापुणेकर (९.५८)
यंत्रमाग आहेत. आठ. वडिलांचा टॉवेलचा धंदा आहे.

कडकभाकरी (१०.००)
अरे मग ते आधी सांगायचं नाही का बे!!

अर्धापुणेकर (१०.०३)
त्यात सांगायचं काय? आमच्याकडं सगळ्यांच्याच घरात खाली माग असतात. मी त्या आवाजातच दहावीचा अभ्यास केला. माग बंद पडले की उलट आमची झोप मोडायची.

सासुरवाशीण (१०.१२)
तुमची मोडायची. चिपळूणच्या बाईचं आणि साडेचार वर्षांच्या पोरीचं काय? मागाजवळ उभं राहून बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. आणि तुम्ही घरून काम करणार ते कुठल्या खोलीत? मीटिंगमध्ये समोरच्याला काय ऐकू जाईल?

भटकभवानी (१०.२०)
अवांतर : शेंगा चटणी पुण्यात सोलापूरसारखी कुठं मिळेल? जी मिळते ती नुसतं दाण्याचं कूट असते, तिखटाला चव नाही आणि तेल सुटलेलं नसतं.

कडकभाकरी (१०.२२)
मिक्सरमध्ये केली की संपली. उखळात कुटलेली पाहिजे, म्हणजे दाण्याचं तेल सुटतं. कुणीतरी येता-जाता आणायला सांगा, महिनाभर टिकते.

प्रभातरोड (१०.३५)
चटणी बाजूला ठेवा. धागाकर्ते, परत जायचं खरं कारण पाच हजार रुपये आहे असं मला वाटत नाही. पाच हजारांसाठी कुणी नोकरी, शाळा, संसार उचलत नाही. काय झालंय?

अर्धापुणेकर (१०.५५)
मुलीला सारखा खोकला असतो. या थंडीत तीन वेळा नेब्युलायझर लावायला लागला. बिल्डिंगच्या तिन्ही बाजूंना बांधकामं चालू आहेत, सकाळी खिडकीच्या गजावर बोटानं नाव लिहिता येतं इतकी धूळ. डॉक्टर म्हणाले, हवा बदलून बघा. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला घेऊन आलो होतो, नंदीध्वज बघायला खांद्यावर बसवून दोन तास फिरवली. आठ दिवस एकदाही खोकली नाही. तिथंच ठरवलं मी.

हिप्परगा (११.००)
आता कळलं. हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं रे.

सासुरवाशीण (११.१०)
भाऊ, रागावू नका. ते आठ दिवस माग चालू होते का?

अर्धापुणेकर (११.२६)
नाही. संक्रांतीला कामगार सुट्टीवर होते. आणि आम्ही चार दिवस मावशीकडं जुळे सोलापूर भागात होतो.

सासुरवाशीण (११.४०)
मग पोरीला अशोक चौकाची हवा मानवली असं कसं म्हणता? तिला जुळे सोलापूरची मानवली. पुण्याची सिमेंटची धूळ नको म्हणून तुम्ही तिला सुताच्या धुळीवर आणून ठेवताय. मागाच्या खोलीत तासभर बसलं तरी पापण्यांवर पांढरं साचतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.
मी म्हणते, या. पण आधी त्या डॉक्टरांना 'खाली माग आहेत' हे वाक्य जसंच्या तसं सांगा. आणि संक्रांतीला बघून ठरवू नका. गड्ड्याला सगळ्यांनाच सोलापूर आवडतं, थंडी असते, नातेवाईक असतात, कुणी स्वयंपाकघरात फार वेळ नसतं. मे महिन्यात पंधरा दिवस राहून बघा. पाणी दोनदा-तीनदा येऊन जाऊ दे. मिसेसना एकदा तरी रात्री मोटर लावू दे.

कडकभाकरी (११.४८)
ताई, तुम्ही त्याला पळवून लावताय. लोक पिढ्यान्पिढ्या राहतात तिथं.

सासुरवाशीण (११.५१)
राहतात. त्यातल्या कितीजणींना कुणी विचारलं होतं?

प्रभातरोड (११.५५)
त्याच प्रश्नावर येतो. वहिनींना विचारलंय का?

रिटायर्डमास्तर (दुपारी १२.३०)
एक मधला मार्ग सुचवतो. जुळे सोलापूर, विजापूर रोड, सैफुल या बाजूला भाड्याने घर घ्यावे. आई-वडिलांकडे संध्याकाळी जावे, नातीला आजीकडून तेलुगू आपोआप येईल. माझे अनेक विद्यार्थी घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि वर्गात मराठी बोलत. एकाचेही व्याकरण बिघडले नाही. बिघडले ते आम्ही शिकवल्यामुळे.

जमीनजुमला (१२.४०)
सैफुलला वन बीएचके आहेत माझ्याकडं. विकायचे पण आहेत. व्यनि करा.

हिप्परगा (१२.४२)
याला कुणीतरी आवरा.

अर्धापुणेकर (१.१५)
भाड्यानंच राहायचं तर पुण्यातच का नको, असं बायको म्हणेल. स्वतःचं घर असून भाड्यानं राहिलो तर वडील काय म्हणतील ते वेगळंच. पूर्व भागात लोक पहिल्यांदा हेच विचारतील की सुनेचं पटत नाही का.

प्रभातरोड (१.२०)
'म्हणेल' म्हणजे अजून विचारलं नाही.

अर्धापुणेकर (१.२४)
दुपारी शाळेतून आली की विचारतो.

तिसरीघंटा (१.३०)
जेवण झाल्यावर विचारा. त्याआधी नको.

अर्धापुणेकर (रात्री ९.१०)
सगळ्यांना एकदम सांगतो.
बायकोला विचारलं. ती म्हणाली, सोलापूरला माझी ना नाही, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथ तिला आवडतो, आमच्या आईशीही तिचं जमतं. पण मंगळवार-बुधवार मी पुण्यात आणि ती दोन दिवस मागांवर पोरीला घेऊन एकटी, हे तिला नको. आणि 'बालवाडीत कुठंही नोकरी मिळेल' हे मी इथं लिहिलेलं तिनं वाचलं. त्यावर वेगळा धागा काढावा लागेल.
डॉक्टरांना फोन केला. ते फक्त 'अहो!' म्हणाले आणि मग दोन मिनिटं समजावत होते.
घरमालकाला म्हटलं, करार तीन महिने जुन्या भाड्यानं वाढवा, जूनच्या आधी सांगतो. अडीच हजार जास्त मागतोय. देतो म्हणालो. मे मध्ये पंधरा दिवस राहून बघणार, आठ दिवस घरी आणि आठ दिवस मावशीकडं. मास्तर, दोन शाळांत उद्या फोन करतो, मोठ्या गटाचं विचारतो.
मग वडिलांना फोन केला. मागांचं कसं काढायचं कळेना, म्हणून म्हटलं, मे मध्ये येतोय, रात्रपाळी जरा बंद ठेवता येईल का पंधरा दिवस? तर म्हणाले, रात्रपाळी दिवाळीपासूनच बंद आहे. कामगार मिळत नाहीत. आठातले पाचच चालतात, तेही दिवसा. तीन भंगारात द्यायचे आहेत, चांगला भाव येण्याची वाट बघतायत.
संक्रांतीला आठ दिवस घरी येऊन गेलो मी. मला वाटलं कामगार सुट्टीवर आहेत.

सासुरवाशीण (९.३२)
तुम्ही विचारलं नसेल. ते सांगणार नाहीत.

हिप्परगा (९.४०)
दिवसा पाच माग म्हणजे तुझ्या मीटिंगच्या वेळेलाच. मावशीकडची खोली धरून ठेव.

कडकभाकरी (९.४१)
मे मध्ये आलास की फोन कर. पार्क चौकात भेटू. येताना पाण्याचा ड्रम आणू नको, आमच्याकडं तीन दिवसाआडच येतं.