मदत हवी आहे: दुसऱ्यांदा ईआरसीपी, त्यात सपोझिटरी चालत नाही

नमस्कार मंडळी,

वहिनीसाठी विचारते आहे. वय ३६. पित्ताशयात बारीक खडे, त्यातला एक सटकून पित्तनलिकेत जाऊन बसलाय. एमआरसीपीत (पित्तनलिकेचा एमआरआय) साधारण ६ मिमीचा दिसला. मार्चमध्ये ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढतात ती) केली, पण पित्तनलिकेत तार जाईचना, सारखी स्वादुपिंडाच्या नळीत शिरत होती. शेवटी डॉक्टरांनी नाद सोडला. त्याच रात्री पोटातून पाठीत जाणाऱ्या कळा सुरू झाल्या, रक्तात लायपेज (स्वादुपिंडातलं एन्झाइम) प्रचंड वाढलेलं. स्वादुपिंडाला सूज. चांगलीच लांबली.

आता दुसऱ्या शहरातले पोटविकारतज्ज्ञ पुन्हा ईआरसीपी करू म्हणतात. खडा तसाच राहिला तर कावीळ, नलिकेत इन्फेक्शन, हे पटतंय. पण वहिनी टेबलावर जायचं नावच काढू देत नाही, आणि दादाचं एकच, 'डॉक्टर बघून घेतील की.'

वाचलं त्यावरून, ही सूज टाळायला १०० मिग्रॅ इंडोमेथॅसिन किंवा डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाची सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) देतात. २०१२ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात जास्त जोखमीच्या पेशंटमध्ये सुजेचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ वर आलं होतं. दोन रुपयांच्या गोळीसारखा उपाय! पण वहिनीला दमा आहे आणि डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनने एकदा जोरात अटॅक आला होता. म्हणजे तो रस्ता बंद. मग उरतं काय? आणि ईआरसीपी न करता खडा निघू शकतो का? कुणाला अनुभव असेल तर सांगा.

लिंबूसरबत: आईची झाली होती, काही त्रास नाही. दुसऱ्या दिवशी पेज खाल्ली.

धारदार: ताई, मी जनरल सर्जन आहे, ईआरसीपी स्वतः करत नाही, पण असे पेशंट नेहमी बघतो. आईंचं वय जास्त असेल, त्यामुळे ती तुलना इथे नको. कमी वय, बाई, आधी एकदा सूज येऊन गेलेली, तार घालायला अवघड: वहिनींच्या बाबतीत सगळंच जुळून आलंय.

सपोझिटरी नाही तर स्टेंटबद्दल (स्वादुपिंडाची नळी उघडी ठेवणारी छोटी नळी) स्पष्ट विचारा. तार पुन्हा स्वादुपिंडाच्या नळीत गेली तर ती काढायची नाही, तिथेच ठेवून दुसऱ्या तारेने पित्तनलिका गाठायची, आणि शेवटी पहिल्या तारेवरून बारीक प्लास्टिकचा स्टेंट सोडायचा. सूज आली तरी नळी तुंबत नाही. बहुतेक स्टेंट आपोआप पडतात. पडला की नाही हे एक्स-रेत बघायचं, राहिला तर दुर्बिणीतून काढायचा. २०२४ च्या मोठ्या अभ्यासात नुसत्या इंडोमेथॅसिनवर १४.९ टक्के आणि जोडीला स्टेंट असताना ११.३ टक्के लोकांना सूज आली. म्हणजे स्टेंटचा स्वतःचा फायदा आहेच. ज्यांना ही औषधं चालत नाहीत आणि स्टेंटही बसला नाही, त्यांना रिंगर लॅक्टेटचं सलाइन सढळ हाताने द्यावं, असं युरोपियन मार्गदर्शिका सांगते. हृदय-किडनी ठीक हवी.

पण त्याआधीचा प्रश्न: खडा अजून आहे का? मार्चनंतर परत बघितलंय? एवढे खडे कधीकधी आपसूक आतड्यात उतरतात. आणि तसंही पित्ताशय काढायचंच आहे, तेव्हा लॅप्रोस्कोपीतच नलिका साफ करता येते. नलिका अरुंद असेल तर अवघड, हात बसलेला सर्जन लागतो.

धागाकर्ती: मार्चनंतर काहीच केलेलं नाही! एंडोस्कोपिक सोनोग्राफी (दुर्बिणीतून आतून करतात ती) नव्या दवाखान्यात आहे. त्याच भुलीत ती आणि ईआरसीपी दोन्ही होतं का?

धारदार: होतं, बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. खडा दिसला नाही तर ईआरसीपी न करताच बाहेर. तसं आधी ठरवून घ्या. आणि डायक्लोफिनॅकचं भूलतज्ज्ञांनाही सांगा, केसपेपरवर लाल पेनाने लिहायला लावा. दुखायला लागलं की तेच इंजेक्शन हातात घेऊन येतात.