पोळ्याआधी पाऊस पडला, म्हणून सांगणारा संदेष्टा ठरतो काय?

गोदाकाठ, जालना जिल्हा:
जय ख्रिस्त. आमच्या तालुक्यात जुलैअखेरीस प्रार्थना सभा झाली. सोयाबीन माना टाकत होते. त्या वेळी बाहेरून आलेल्या एका उपदेशकांनी व्यासपीठावरून जाहीर केले की पोळ्याच्या आत पाऊस पडेल, असा प्रभूचा शब्द त्यांना आला आहे. पाऊस पडला, आणि तेव्हापासून लोक त्यांना संदेष्टा म्हणू लागले. आता ते घरोघरी जाऊन मुलीचे स्थळ कोठे पाहावे, साखरेच्या आजाराच्या गोळ्या कोणी बंद कराव्यात आणि 'बीज' म्हणून, म्हणजे आशीर्वादाच्या आशेने पेरायचे दान म्हणून, कोणत्या तारखेपर्यंत किती रक्कम अर्पण करावी, हेही प्रभूच्या नावाने सांगत आहेत.

माझा आक्षेप असा आहे. जे घडले नाही ते प्रभूचे बोलणे नव्हे, असे जुन्या करारातील 'अनुवाद' या पुस्तकाचे वचन १८:२२ सांगते. आपण हे वचन उलटे करून, जे घडले ते प्रभूचेच, असे मानू लागलो आहोत. त्याच पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात तर स्पष्ट लिहिले आहे की चिन्ह खरे ठरले, तरी ते दाखवणारा लोकांना परमेश्वरापासून दूर नेत असेल, तर त्याचे ऐकू नये. शिवाय श्रावण सरेपर्यंत मराठवाड्यात एखादा पाऊस होणे ही काही नवलाची गोष्ट नाही. संदेष्टा यिर्मयाच्या विरोधात उभ्या राहिलेल्या हनन्या या खोट्या संदेष्ट्याने बाबेलचे जू मोडेल असे सांगताना निदान दोन वर्षांची मुदत दिली होती आणि बाबेलच्या राजाचे नावही घेतले होते, त्यामुळे तो खोटा पडू शकला.

शालोम, परभणी:
भाऊ, आपण शास्त्र अर्धेच वाचून दाखवत आहात. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात प्रेषित पौल 'पारख करा' म्हणतो खरे, परंतु त्याआधी आत्म्याला विझवू नका आणि संदेशांना तुच्छ लेखू नका, असे बजावतो. आपला निकष नव्या करारातील संदेष्टा अगब याला लावून पाहा. यहूदी लोक पौलाला बांधून परराष्ट्रीयांच्या हाती देतील, असे तो म्हणाला होता. प्रेषितांची कृत्ये २१ मध्ये प्रत्यक्षात रोमी सरदाराने पौलाला जमावाच्या मारातून सोडवले आणि दोन साखळ्यांनी बांधायला लावले. तपशील तंतोतंत जुळला नाही, म्हणून अगब खोटा काय? संदेष्टा योनाने निनवे नगराच्या नाशाला ४० दिवस दिले होते, तेही उलटून गेले आणि नगर उभेच राहिले.

माझ्या थोरल्या भावाची दारू अशाच एका सभेत सुटली. फळांवरून झाड ओळखा, असे प्रभूने सांगितले आहे, आणि ते फळ आमच्या घरात आहे. आपल्या जुन्या मंडळ्यांमध्ये शास्त्रपाठ होतो, गायन होते, वार्षिक हिशेबही वाचला जातो, परंतु कोणाचे आयुष्य पालटल्याची साक्ष शेवटची केव्हा ऐकली, ते सांगावे.

गोदाकाठ:
आपल्या भावाबद्दल देवाचे आभार मानतो. त्यावर माझा वाद नाही.

योनाचे उत्तर यिर्मया १८ मध्ये आहे: ज्या राष्ट्राविरुद्ध शब्द निघाला ते आपल्या दुष्टाईपासून वळले, तर देवही योजिलेले अरिष्ट टाळतो. निनवेने पश्चात्ताप केला. आमच्याकडे गोळ्या बंद करा म्हणताना अशी कोणती अट घातली होती? आणि अगबाचे नाव आपणच काढले ते बरे झाले. त्याने दुष्काळाचे भाकीत केले, तेव्हा अंत्युखियाच्या मंडळीने जमवलेली मदत बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्या हातून यहूदीयातील वडिलांकडे गेली. स्वतः अगबाने काही मागितल्याचे कोठेही लिहिलेले नाही. १८७३ मध्ये ज्याची हस्तलिखित प्रत सापडली, त्या 'डिडाखे' या प्राचीन ख्रिस्ती ग्रंथाच्या ११ व्या अध्यायातही, जो आत्म्यात असल्याचे सांगून स्वतःसाठी पैसे मागतो त्याचे ऐकू नका, असा दंडक आहे.

शालोम:
त्याच अध्यायात, आत्म्यात बोलणाऱ्या संदेष्ट्याची परीक्षा घेऊ नका, असेही आहे. ते वाक्य आपण का गाळले?

निवृत्त शिक्षिका, बीड:
आपण दोघेही फळांची आणि भाकितांची चर्चा करता, पण त्या उपदेशकांच्या सांगण्यावरून ज्या बाईंच्या मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या त्या मागे पडल्या. झाडाला फळ यायला वर्षे लागतात. मधुमेही माणसाच्या पायाची जखम तितकी वाट पाहत नाही. म्हणून फळांची कसोटी खरी असली, तरी अशा वेळी ती पुरेशी नाही. ज्या सांगण्याने जिवाला अपाय होऊ शकतो ते पाळण्याआधीच पारखले पाहिजे.

ते कोणी पारखावे, यावर करिंथकरांस पहिले पत्र १४:२९ स्पष्ट आहे: संदेष्ट्यांनी बोलावे आणि इतरांनी निर्णय करावा. शालोमभाऊ, 'डिडाखे'तील वाक्य आहे खरे, परंतु तो ग्रंथ आपल्या पवित्र शास्त्रात नाही आणि करिंथकरांस पत्रातले हे मात्र शास्त्रातले वचन आहे. तेव्हा गोदाकाठभाऊ, माझा प्रश्न आपल्याला आहे. आपण त्या सभेत होता, पाळकसाहेब होते, पंच मंडळीही होती. त्याच वेळी कोणी उठून का विचारले नाही? इस्राएलचा राजा अहाब याच्यासमोर ४०० संदेष्टे एका सुरात विजय सांगत असताना संदेष्टा मीखाया एकटाच वेगळे बोलला, आणि त्याबद्दल तोंडात मार खाऊन तुरुंगात गेला. बहुमत ही कसोटी नव्हेच. मात्र मीखाया राजासमोर बोलला होता, घरी परतल्यावर नव्हे.

शालोम:
ताईंचे हे म्हणणे मला मान्य आहे. औषध बंद करण्याचा शब्द मलाही शास्त्रात कोठे सापडत नाही. पुढच्या सभेत मी स्वतः उभा राहून त्यांना, बाईंना पुन्हा डॉक्टरांकडे जायला सांगा, अशी विनंती करीन. त्यांनी ती नाकारली, तर मला माझे उत्तर मिळेल. पण त्यांनी सर्वांसमोर मान्य केले, तर आपण त्यांचे पुढचे बोलणे मोकळ्या मनाने ऐकाल काय?

गोदाकाठ:
ऐकेन, आणि त्या सभेला आपल्या शेजारी उभाही राहीन. 'बीज' म्हणून घेतलेल्या रकमेची पावती कोणाच्या नावाने फाडली जाते, तेवढे त्याच वेळी विचारू.